कुंकवाखालचा काटा

बाळांनो, गेल्या दसऱ्याला तुम्ही फोनवर मला नव्या गाडीची पूजा दाखवलीत आणि कुंकू कुठं लावायचं ते विचारलंत. मी म्हणाले, पुढच्या पत्र्याला लावा, चाकांना लावा, आतल्या मीटरांच्या काचेला मात्र बोट लावू नका. तुम्ही हसलात. "आजी, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" मी विषय बदलला. माझं उजवं मनगट वाकडं का, हेही तुम्ही लहानपणापासून विचारत आलात आणि मी "पडले होते" असं सांगत आले. ते खोटं आहे. ज्यांनी ते मोडलं ते माझे धाकटे दीर या चैत्रात वारले. आता कुणाची अब्रू झाकायची राहिलेली नाही, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या पुढचं एखादं साल असेल. तुमचे आजोबा कोल्हापुरात नोकरीला होते, शनिवारी घरी येत. मुरगूडजवळची शेती भाऊजी, म्हणजे हे धाकटे दीर, बघत. त्यांचा हात आधी उठे आणि तोंड मागून सुटे. अडलेल्या बैलाच्या पाठीवर त्यांनी जू मोडलेलं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. मीही बोलले नाही.

त्या साली त्यांनी धरणाच्या कामावरून उतरलेला एक जुना विलायती ट्रॅक्टर आणला. त्याला टर्बो होता. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्यामुळे जास्त डिझेल जळतं आणि ताकद वाढते. पण ओढ फार झाली की आतला धूर इतका तापतो की पिस्टन वितळतो, आणि पाण्याच्या मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून या ट्रॅक्टरला एक जादा मीटर होता. धुराच्या नळीत एक सळई खुपसलेली, तिची तार चालकासमोरच्या गोल घड्याळापर्यंत आलेली. सगळे त्याला धुराचा मीटर म्हणत.

बरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. माझ्या बी.ए.चा त्या घरात झालेला हा पहिला उपयोग. मी ते दोनदा वाचलं, बाराशे फॅरनहाइटच्या आकड्यावर नखांना लावायच्या रंगानं लाल रेघ ओढली आणि एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहिलं: "काटा लाल रेघेला आला की खालचा गियर घ्यावा. काम संपल्यावर काटा तीनशेच्या खाली येईपर्यंत इंजिन बंद करू नये."

ड्रायव्हर धरणावरच शिकलेला, तिशीतला, बौद्धवाड्यातला माणूस. इंग्रजी आकडे त्याने माझ्याकडून एका दुपारी पाठ केले. "वैनीसाब, ही बया शिट्टी घालती तवर भ्या न्हाई," तो म्हणायचा. "गप झाली की समजायचं, आता खाती."

पहिल्याच आठवड्यात तो काम संपवून अंगणात आला आणि इंजिन चालू ठेवून मीटरकडे बघत बसला. भाऊजी सोप्यातून उतरले.

"बंद कर की! डिझेल काय तुझ्या बानं धाडलंय?"

"मालक, काटा अजून पाचशेवर हाय."

भाऊजींनी त्याला खाली ओढून डाव्या कानशिलात अशी ठेवून दिली की तो मागच्या चाकावर आदळला. कानातून रक्ताची बारीक धार आली.

"भाऊजी, पुस्तकात तसंच लिहिलंय," मी म्हणाले.

"बुकं वाचून ऊस येत न्हाई, वैनी."

ड्रायव्हर उठला, पुन्हा चढला, काटा तीनशेखाली आल्यावरच त्याने इंजिन बंद केलं. मग कान धरून घरी गेला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. त्या कानानं त्याला पुढं कधी ऐकू आलं नाही.

मग खंडेनवमी आली. ट्रॅक्टर धुऊन झेंडूच्या माळा घातल्या. पूजा मी केली. ड्रायव्हर माळ नीट करायला पुढं झाला तर भाऊजी सगळ्यांदेखत ओरडले, "ए, लांब हो! पूजेला हात लावायचा न्हाई." तो गोठ्याच्या भिंतीला जाऊन उभा राहिला. मी ते ऐकलं आणि ताट पुढं फिरवलं. पत्र्यावर स्वस्तिक, चाकांना बोटं, आणि शेवटी तो गोल मीटर. सगळ्या ट्रॅक्टरात माझा असा तेवढाच होता. कपाळाला लावावं तसं मी त्याला ओल्या हळदीकुंकवानं भरलं. काच पुरती झाकली गेली. पुठ्ठ्यावर सूचना लिहिणारी मीच, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या काळ्या रानात खोल नांगरट धरली. मी भाकरी घेऊन बांधावर गेले तेव्हा भाऊजी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून होते. माती चरचर फाटत होती, ढेकळं माणसाच्या डोक्याएवढी उलटत होती. भाकरी आली म्हणून ड्रायव्हरनं ट्रॅक्टर थांबवला.

"मालक, मीटर दिसंना. एवढं पुसू काय?"

"काय पुसतोस? वैनींनी लावल्यालं कुंकू? हात लावलास तर हात मोडून ठेवीन. आन् गियर वाढीव, गोगलगाईगत चाललायस."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी पुसायला सांगायला हवं होतं. पण सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसायचं, हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. तुमचे आजोबा आदल्या संध्याकाळीच मोटारसायकलवरून कोल्हापूरला गेले होते. मला त्यांचंच काहीतरी होईल असं वाटलं. इंग्रजी कविता शिकलेली मी बाई, भाकरीचं फडकं सोडत बसले.

भाकरी झाल्यावर ड्रायव्हरनं वरचा गियर टाकला. तासाभरात टर्बोची शिट्टी थांबली. मग धडाड् असा आवाज झाला, काळ्या धुराचा लोट उठला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी गच्च बसला.

दोन बैलजोड्या लावून तो अंगणात आणला, मागोमाग गावही जमलं. मिस्त्रीनं इंजिनाचं वरचं डोकं उघडलं. एका पिस्टनला रुपयाएवढं भोक पडलं होतं. "धूर लई तापला," तो म्हणाला. "मीटर बघितला न्हाई काय?"

भाऊजींनी फॅनचा जुना पट्टा उचलला आणि ड्रायव्हरच्या पाठीवर, मानेवर, तोंडावर ओढायला सुरुवात केली. सदरा फाटला, पाठीवर वळ उठून फुटले. तो गुडघ्यावर आला तरी ओरडत होता, "म्या इच्यारलं हुतं! मालक, म्या इच्यारलं हुतं!"

"खोटं बोलतोय! मीटर बघाय येत न्हाई आन् डायवर म्हनवतोय! तालुक्यात कोन ठेवतंय तुला तेच बघतो!"

मग त्यांनी पट्टा टाकून मोठा पाना घेतला. एका पायानं त्याचा उजवा हात ट्रॅक्टरच्या पायरीवर दाबला. "ह्योच हात न्हवं, कुंकू पुसनार हुता?"

तो हात गेला असता तर त्याच्याकडे काही उरलं नसतं. बायको, दोन लेकरं आणि तो हात, एवढंच त्याचं होतं. मी सोप्यावरून धावले आणि "त्यानं विचारलं होतं, मी ऐकलंय," असं ओरडत त्याच्या हातावर माझा हात घातला. पाना खाली येतच होता. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखायला नंतर लागलं.

"वैनी! तुमी कशाला मधी आला?" भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता. पण पाना हातातच होता.

मी डाव्या हातानं पदर घेतला आणि सगळ्या गावासमोर मीटरची काच पुसली. सुकलेलं कुंकू खपलीसारखं निघालं. काटा गार पडून तळाशी गेला होता. दाखवायला काहीच नव्हतं. मी म्हणाले, "काच मी झाकली. पुसू का, असं त्यानं विचारलं. भाऊजींनी नको म्हटलं. मी गप्प बसले." एवढं बोलले आणि खाली बसले.

कोल्हापुरात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "पायरीवरून पडली."

"नाही," मी म्हणाले. "दिरांनी पाना मारला."

शेजारच्या बाकावर पाठीला पट्ट्या बांधलेला ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "वैनीसाब, हितं सांगून मला काय उपेग? मला ट्रॅक्टरवर कोन बसिवनार?"

मग मी डाव्या हातानं एक पत्र लिहिलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं. इंजिन कसं जळलं, काच कुणी झाकली, पुसायला कुणी नको म्हटलं, सगळं लिहून खाली सही केली. दवाखान्यातून खबर गेली, तेव्हा पोलिसांनी प्रकरण आपसांत मिटवायला लावलं. पण ते पत्र दाखवून ड्रायव्हरला गगनबावड्याकडे ट्रॅक्टरनं खडी वाहायचं काम मिळालं. आमची चूल त्या वर्षी वेगळी झाली. भाऊजी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, आणि तुमचे आजोबा बरेच महिने बोलले नाहीत.

ट्रॅक्टर मोडीत गेला. मीटर मी काढून घेतला. तो माझ्या कपाटात आहे, काचेच्या कडेच्या खाचेत अजून थोडं लाल आहे. ड्रायव्हर मुरगुडात राहतो. त्याला एका कानानं ऐकू येत नाही. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत.