साबणाच्या बिलांवर उभं राहिलेलं घर

माझ्या रूममेटनं मला जेवढे धक्के दिले, तेवढे शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासानंही दिले नव्हते, आणि त्या तासाला मी चक्कर येऊन टेबलाखाली पडले होते. मिरजेला मेडिकलला असताना आम्ही दोघी हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. मी साताऱ्याची, मास्तरांच्या घरातली. ती पाटणकडची, वडील फौजेत. पहिल्या आठवड्यात बाकीच्या मुली घरच्या आठवणीनं मुसमुसत होत्या, तेव्हा ही पलंगावर मांडी ठोकून म्हणाली, "डॉक्टर काय, हितं आलेल्या समद्याच व्हनार. मला डिग्री हातात यायच्या आत घर घ्यायचं हाय." मला वाटलं हिला ताप आलाय. मी खरोखरच तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता, वेडच होतं. शिष्यवृत्तीचे पैसे हिनं मुदत ठेवीत टाकले आणि त्या ठेवीवर क्रेडिट कार्ड काढलं. आता विशीतल्या मुलीच्या हातात कार्ड आलं की काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. आमच्या मजल्यावरच्या दोघी असल्याच कार्डांवर महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन आल्या आणि पुढं सहा महिने घरच्यांची बोलणी खात बसल्या. ही मात्र कार्डावर महिन्याला एकच वस्तू घ्यायची: कपडे धुवायचा साबण. बिल आलं रे आलं की पूर्ण भरायची आणि परीक्षा संपल्यासारखी हातपाय ताणून झोपायची. पुढं रोख पैसे हातात असताना इस्त्री हप्त्यावर घेतली, तेव्हा मी तिला सरळ मूर्ख म्हणाले. ती शांतपणे इस्त्री फिरवत म्हणाली, "आगं, पत म्हंजे हिमोग्लोबिन हाय. कमी असलं तरी बसल्या जागी कळत न्हाई. जिना चढायला लागलं की कळतं."

हिच्या लग्नाचं बघायला कऱ्हाडला पाहुणे आले, तेव्हा आधाराला म्हणून मी गेले होते. मुलगा इंजिनिअर, देखणा, अगदी नम्र. मुलाच्या आईनं स्वयंपाकाचं विचारलं, हिनं नीट उत्तर दिलं. मग मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. हिनं पदर सावरला आणि विचारलं, "तुमचा एखादा हप्ता कवा चुकलाय का?" मुलाच्या घशात पोहे अडकले. मोटारसायकलचे दोन हप्ते चुकले होते, असं त्यानं पाणी पिऊन कबूल केलं, आणि ते स्थळ तिथंच मोडलं.

पण त्याच दिवशी मला तिच्या वेडाचं मूळही दिसलं. गावाकडचं घर तीन चुलत्यांनी भरलेलं, म्हणून मायलेकी कऱ्हाडात भाड्यानं राहायच्या. खोल्या बदलल्या, घरमालक बदलले, पण प्रत्येकाची पहिली अट एकच: भिंतीला खिळा मारायचा नाही. काकूंची, म्हणजे तिच्या आईची, लग्नातली भांडी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, फौजी ट्रंकेत तशीच बांधून पडली होती. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा आणि नाव. आबा निवृत्त होऊन येतील ते आपल्या घरात येतील आणि त्याच दिवशी ती ट्रंक उघडायची, असा शब्द हिनं आईला दिला होता.

मग काय, इंटर्नशिप लागली आणि आमचे रविवार फ्लॅट बघण्यात जायला लागले. बिल्डर बोलत असायचा आणि ही रोग्याची छाती ठोकून बघावी तशी भिंती ठोकत फिरायची. सांगलीतला एक फ्लॅट मला फार आवडला होता. हिनं फक्त पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारलं. बिल्डर हवापाण्यावर बोलू लागला, आणि आम्ही जिना उतरलो. शेवटी मिरजेत दोन खोल्यांचं घर पसंत पडलं. आबांच्या निवृत्तीचे पैसे आणि उरलेल्याला बापलेकीच्या नावावर छोटं कर्ज, असा बेत होता.

बँकेत आबा, ती आणि मी असे तिघं गेलो. साहेबांनी संगणकात पाहिलं आणि आबांना विचारलं, "तुम्ही कुणाला जामीन आहात का?"

आबा होते. आमच्या भागात जामिनाची सही चहासारखी असते, पुढं आली की नको म्हणायचं नसतं. सुट्टीवर आलेले असताना गावच्या पतसंस्थेत त्यांनी बालमित्रासाठी सही केली होती. मित्राचे हप्ते थकले, आणि नोटिसा गावच्या घरी येऊन पडल्या. सीमेवरच्या माणसाला कुणी कळवलंच नाही. "यांचं नाव असेल तर कर्ज होणार नाही," साहेब म्हणाले. बर्फात पहारे दिलेला तो माणूस खुर्चीत एवढासा झाला. दोन हप्त्यांसाठी स्थळ मोडणारी ही मुलगी आता बापाला काय बोलेल?

ती म्हणाली, "सायेब, त्यांचं नाव काढा. माज्या एकटीच्या नावावर बघा."

साहेबांनी बघितलं. तो साबण, ती इस्त्री, एकही दिवस उशीर नाही. ते हसले आणि कर्ज झालं. बाहेर आल्यावर ती आबांना एवढंच म्हणाली, "आवं आबा, चला, उसाचा रस पिऊ." मी मात्र रस्त्यातच रडले.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आबा तिला म्हणाले, "दारावर माजं नाव नगं घालू पोरी. बँकेनं काढलेलं नाव हाय ते." दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, काकूंनी भांडी फडताळात मांडली, आणि रिकाम्या ट्रंकेचा नाव लिहिलेला पत्रा हिनं कापून आणला. हातोडी आईच्या हातात दिली. काकूंनी आयुष्यातला पहिला खिळा मारला तो दारावर, आबांच्या नावाला. आबा मागं उभे राहून नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "बँकेनं कागदावरनं काढलं. दार माजं हाय."

मी अजून सांगलीत भाड्यानं राहते. माझा आरसा भिंतीला टेकून जमिनीवर उभा आहे. तिचा फोन आला की खुशालीच्या आधी ती माझा क्रेडिट स्कोअर विचारते, आणि मी विषय बदलते. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले, तर आबा दारात उभे राहून रुमालानं तो पत्रा पुसत होते. मला बघून ओशाळले.

"धूळ लय बसती गं हितं," ते म्हणाले.

पत्र्यावर धुळीचा कण नव्हता.