स्टार्टरवाल्या बाई

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये मी माईक लावायला गेलो होतो. विजेच्या वस्तूंना सरकारी तपासणीचा दाखला सक्तीचा होणार होता, म्हणून दिल्लीचे साहेब छोट्या कारखानदारांचं म्हणणं ऐकत होते. नियम रद्द करा, असं जो तो सांगत होता.

शेवटी सांगोल्याकडच्या एक बाई उठल्या. त्या विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर बनवत. पदर सारखा करत म्हणाल्या, "सायेब, नियम ऱ्हाऊ द्या. फकस्त तपासणी हितं सोलापुरात करा. लांब न्यायचं आमाला परवडत न्हाय."

कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष वळले. "ताई, तुम्ही आमच्या बाजूच्या की सरकारच्या?"

"माजा भाऊ असल्याच एका बिनतपासणीच्या स्टार्टरला चिकटून गेला," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढे नियम आला. तपासणी मात्र सोलापुरात आली नाही. बाईंच्या कारखान्याचं काय झालं, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ कुणी उभं राहिलं नाही, म्हणून मी गेलो. त्या माझ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बघत होत्या.

"दादा, ह्याला अर्थिंग न्हाय की. आजच जोडून घ्या."

मी त्याच संध्याकाळी जोडून घेतलं.