भिंतीचं तिरकं टोक

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या आमच्या ऑफिसात टेबलं पाच होती आणि मॉडेलच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच. ते खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर होतं. तिथे बसणारा माणूस इमारत उभी करायचा, बाकीच्यांनी त्याने केलेलं तपासायचं, मापं लिहायची, प्रिंट काढायच्या. त्या खुर्चीवर मी तीन वर्षं होते. एका सोमवारी सरांनी मला मागच्या भिंतीकडच्या टेबलावर हलवलं.

ज्या कामावरून हे झालं, ते पडदे विकणाऱ्या एका दुकानदाराचं होतं. खाली दुकान, वर घर. समोरचा रस्ता प्लॉटला तिरका कापून जात होता, त्यामुळे दुकानाची बाजूची भिंत रस्त्यापाशी तिरकी संपवायची होती. कागदावर हे एका रेघेचं काम. मॉडेलमध्ये भिंत म्हणजे रेघ नसते. ती जाडीसकट येते आणि कुठेही थांबवली तरी काटकोनातच थांबते. पुढे नेली की तिचा एक कोपरा रस्त्यावर जायचा, मागे घेतली की आत त्रिकोणी फट राहायची. मी दोन दिवस घालवले. शेवटी फट तशीच ठेवली आणि शेजारी लिहिलं, ‘साइटवर जुळवून घ्यावे.’

सरांनी ते वाचलं. “मॅडम, साइटवरच जुळवायचं, तर मग आपण मॉडेल कशाला बनवतो?”

तेव्हा मागून आवाज आला, “ताई, मी करून बघू?”

ती चार महिन्यांपूर्वी लागली होती. बदलापूरच्या पुढे, बारवीकडच्या एका पाड्यावरची. वडील गवंडीकाम करायचे. सॉफ्टवेअर ती अंबरनाथ पूर्वेला शिकली होती, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या क्लासमध्ये. त्या क्लासच्या पाटीखालून मी रोज जात होते.

मी खुर्ची सोडली नाही, थोडी सरकवली. तिने उभ्यानेच भिंतीच्या टोकाला फूटभर लांबीची दुसरी भिंत जोडली. तिचा कोन असा धरला, की दोघींचा सांधा बरोबर रस्त्याच्या रेषेवर पडावा. मग सांधा तिरका केला आणि छोटी भिंत दिसेनाशी केली. टोक हवं तसं तिरकं झालं होतं. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.

“ती छोटी भिंत कुठे गेली?”

“हाय की. दिसत नाय फक्त. डमी है वो.”

“इंजिनियर आहे ही,” सर म्हणाले. मला त्या ऑफिसात चौदा वर्षं झाली होती. मी मॅडम होते.

मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नाही. मी फक्त बघत राहिले. ती कितीला येते, कीबोर्डजवळ डबा उघडते का, सर तिच्या टेबलापाशी किती वेळ थांबतात. ती ‘नाही’ला ‘नाय’ म्हणायची, तेही मी मोजायचे. एकदा दुकानदार आला आणि मॉडेल बघून म्हणाला, “बच्ची का हाथ अच्छा है.” तो गेल्यावर मी त्याच मॉडेलमधली एक उलटी उघडणारी खिडकी शोधून काढली आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तिने खिडकी सुलटी केली. “थँक्यू ताई,” म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली होती.

माझ्याकडे तपासणी आली. या कामाआधी मी एका स्थानिक वर्तमानपत्रात प्रुफं वाचत होते. तिथली एक सवय अंगात राहिली आहे. जे वाचून झालं, त्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे पाहिलेलं नाही. नकाशातही मी प्रत्येक भिंतीवर ठिपका देते.

दुकानाच्या वीटकामाचा नकाशा आला तेव्हा त्यात ती फूटभर भिंत दिसत होती. इतर नकाशांत तिने ती लपवली होती, या एका नकाशात राहून गेली होती. भिंत रेषेच्या बाहेर, थेट रस्त्यात होती. पेन्सिल तिथे थांबली. हे साइटवर गेलं तर काय होईल ते मला माहीत होतं, आणि मग खिडकीजवळची खुर्ची कोणाकडे येईल तेही. मी ठिपका दिला. कागद पुढे सरकवला.

गवंडी फोन करून विचारेल, असं मी धरलं होतं. त्याने विचारलं नाही. आठवड्याने दुकानदाराचाच फोन आला. “साहब, ये रस्ते में क्या बना दिया? मंदिर बिठाना है क्या?”

आम्ही तिघं गेलो. कंबरेएवढी भिंत, फूटभर लांब, विटा उत्तम बसवलेल्या. कोणीतरी तिच्यावर हेल्मेट ठेवून गेलं होतं.

“नकाशात होती, बांधली,” गवंडी म्हणाला. “मला वाटलं, दुकानाचा बोर्ड लावायचा असंल.”

सर गवंड्याला म्हणाले, “तोड दो इसको.” मग तिच्याकडे वळले. “आणि उद्यापासून मॉडेल मॅडम करतील.”

“हो सर,” ती म्हणाली. मग गवंड्याला म्हणाली, “काका, मोठी भिंत हलवू नका.”

“नाही हलत. तेवढं तोडून टोक तासून देतो.” त्याने छोटी भिंत उतरवली आणि छिन्नी लावून मोठ्या भिंतीचं टोक रेषेपर्यंत तासत आणलं. ती शेवटपर्यंत वाकून बघत होती. मी सावलीत उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीजवळ बसले. पहिलं काम, मॉडेलमधली छोटी भिंत काढून टाकायची. मी ती काढली. मोठ्या भिंतीचं टोक क्षणात काटकोनात आलं, कोपरा पुन्हा रस्त्यावर गेला. मी ती परत आणली, परत काढली. तेच. खोटी भिंत गेली की खरीचा तिरकेपणाही जात होता.

ती उठून आली आणि घडी घातलेला कागद कीबोर्डशेजारी ठेवला. वीटकामाच्या नकाशाची तपासलेली प्रिंट.

“हे तुमच्याकडे राहू दे, ताई. सर काल शोधत होते.”

उघडून पाहिलं. ठिपका जागेवर होता. बाकीच्यांपेक्षा गडद.

“तू दाखवलं नाहीस?”

“चूक माझीच ना. मीच लपवायची विसरली.” मग ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, “पण तुम्ही बघितलं होतं.”

“हो.”

ती गेली नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाली, “जोडायचंच नाय आता. काल काकांनी केलं तसं तासायचं.” एक पोकळ ठोकळा करायचा, नको असलेल्या कोपऱ्यावर बसवायचा आणि तेवढी भिंत कापून घ्यायची. ती सांगत गेली, मी करत गेले. टोक तिरकं झालं. बाहेर काही उरलं नाही.

सर आले, बघितलं. “परफेक्ट, मॅडम.”

तेवढ्यावर ते संपलं असतं. ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली होती आणि मान वर करत नव्हती. काल साइटवर, सगळ्यांसमोर, तिने ‘हो सर’ म्हटलं होतं. मला ते जमलं नसतं, आणि तिला जमलं याचाही मला राग होता.

मी घडी उघडून कागद सरांसमोर धरला.

“हा डॉट कसला?”

“मी बघितलं होतं, त्याची खूण,” मी म्हणाले. “आणि हे टोकही तिनेच सांगितलं.”

सरांनी कागदाची घडी घातली आणि तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर बोलावलं.

आता मी मागच्या भिंतीकडच्या टेबलावर बसते आणि ठिपके देते. माझ्या नजरेतून आता काही सुटत नाही. खिडकीजवळ सर हसले की माझी मान अजूनही वळते.