बत्तीस मिळवा!

पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेत गणिताच्या सरांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नसे. ते बत्तीससर. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचं तर नवानं गुणा, पाचानं भागा, बत्तीस मिळवा, एवढं सांगताना शेवटच्या बत्तीसला ते फळ्यावर खडू असा आपटत की पहिल्या बाकावरची मुलं पांढरी होत.

बत्तीस गाळणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "रेषा सरळ आहे रे, पण शून्यातून जात नाही! ते बत्तीस कुणाला चुकले नाहीत." शाळेबाहेरही सुटका नव्हती. "जाड़े में बीस था, अब चालीस. दुगनी गर्मी हो गई, मास्टरजी," असं उसाचा रसवाला सहज बोलून गेला, तर सरांनी त्याला भर उन्हात धरलं. "फॅरनहाइट में अड़सठ का एक सौ चार हुआ. दुगना कहाँ है, बताओ?" रसवाल्यानं मुकाट्यानं बर्फ जास्त घातला.

पुढे मी नोकरीला लागलो आणि नेमका त्यांच्याच मजल्यावर राहायला आलो. सर तोवर निवृत्त झाले होते. एका मे महिन्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घाबऱ्याघुबऱ्या दाराशी आल्या. आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये मोजायची आणि ताप फॅरनहाइटमध्ये. पण लेकीनं परदेशातून आणलेला थर्मामीटर दाखवत होता चाळीस.

"हे म्हणतायत, बहात्तर आले, ताप नाहीच. डॉक्टरकडे चलायला बिल्कुल तयार नाहीत. मला वाटलं, यांचं गणित चुकेल कसं?"

भर उन्हाळ्यात सर दोन रजयांखाली कुडकुडत होते. मी पुरता हादरलो होतो, तरी आवाज निघाला तो विद्यार्थ्याचाच.

"सर, बत्तीस?"

त्यांनी डोळे उघडले.

"सर, बहात्तरवर माणूस जिवंत नसतो."

"मग मी गेलोय की उत्तर चुकलंय," ते पुटपुटले, "एकदा तपास."

उत्तर चुकलं होतं. टॅक्सीत इस्पितळापर्यंत ते मला स्वतःचा अर्धा गुण कापायला सांगत होते आणि मी त्यांचा भाजणारा हात धरून बसलो होतो. सर बरे झाले. मग दोघं पुण्याला राहायला गेली.

या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. सर गेले, एवढंच म्हणाल्या.

"काकू, नीट बघितलंत ना?" मी विचारलं. त्या रडत होत्या, आणि मी तोच मूर्ख प्रश्न पुन्हा विचारला. कुठंतरी बत्तीस मिळवायचे राहिले असतील, असं मला खरंच वाटत होतं.