चांदीचे वाळे

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. यांनाही सांगितली नव्हती — आणि आता तेही नाहीत, मुलगा पुण्यात. तुम्हाला सांगते. बसा.

आसेगावजवळच्या एका गावात मी अंगणवाडी चालवते. माझं सगळं जागच्या जागी असतं — डाळी निवडलेल्या, डबे घासलेले, आयांना काय सांगायचं ते भिंतीवर लिहिलेलं. वरणावर तेल घाला, शेवग्याचा पाला टाका, शेंगदाणा-गूळ द्या, अंडं द्या. पहिल्या काही वर्षांत हाडं भरायची राहिली, तर मागाहून भरपाई अवघड. हे मी तोंडपाठ बोलते. मग मला ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू?

शबानाभाभी शिंप्याच्या घरची. तिची आयेशा तेव्हा दोन वर्षांची होत आली होती. दंड काडीसारखे, चेहरा म्हातारीचा — वजनकाट्याची गरजच नव्हती, बघूनच कळत होतं. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिका येणार होत्या. माझ्याकडे एकाही मुलाचं वजन तक्त्यावरच्या लाल रेघेखाली नाही, असं त्या चारचौघींत सांगायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

वजन करताना मुलाच्या अंगावर काही ठेवत नाहीत. भाभीने आपणहून विचारलं, "ताई, वाळे काढू काय? अम्मीनं देल्लेत, लई जड हायेत."

"राहू द्या, भाभी. थंडीत पोरीले कायले उघडं करता?"

थंडी होती, हे खरं. पण मी थंडीसाठी बोलले का?

चांदीचे वाळे, जाड स्वेटर — वजन रेघेच्या जरा वर भरलं. खाली भरलं असतं, तर तिला दवाखान्यात न्यावं लागलं असतं, जादा आहार मिळाला असता, मी घरी जाऊन ती काय खाते ते पाहिलं असतं. ते सगळं मी अडवलं. आणि एकदाच नाही — पुढेही ती वाळ्यांसकटच तोलली गेली. भाभीने पुन्हा विचारलं नाही. मी सांगितलं होतं ना.

आयेशा आता शाळेत शिकते. वर्गात सगळ्यांत बुटकी. मुळातच चण लहान असेल — एकटीपुरता कुकर लावताना मी असं म्हणून पाहिलंय. पटत नाही. समोर कुणी नसतं, तरी पटत नाही.

मागच्या आठवड्यात भाभी नातवाला, थोरल्या मुलाच्या बाळाला, घेऊन आली; आयेशाही सोबत होती. आल्या आल्या तिने बाळाच्या पायातले वाळे काढले — तेच — आणि माझ्या हातात दिले. "धरा बापा, ताई. आता कोठं थंडी हाय!" ती हसली. मनात काही नसलेलं हसू.

बाळाला तोलायची झोळी अडकवायला आयेशा पुढे झाली. टाचा उंचावल्या. हात वर टांगलेल्या काट्याच्या हुकाला पोचेना. पुन्हा उंचावल्या.

मी वाळे टेबलावर ठेवले, तिच्या हातून झोळी घेतली आणि अडकवली.