भूगोल, पाणी आलं!

धाराशिवात अख्खी कॉलनी स्वतःच्या नावावर असल्यासारखा वागणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या समोर राहतो. ड्रॉइंगचे सर. निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षं झाली, पण कॉलनी अजून त्यांच्या वर्गात बसलेली आहे. माळावर ही वसाहत मास्तरांनीच वसवली. तेव्हा घरांना नंबर नव्हते. गणिताच्या सरांचं घर ते 'गणित', भूगोलाच्या बाईंचं ते 'भूगोल'. पुढं ते मास्तर कुणी पुण्याला मुलांकडं गेले, कुणी थेट वर गेले, घरं दोन-दोनदा विकली गेली. सरांच्या लेखी काहीही बदललेलं नाही. गणितात आता टायरवाला राहतो, शास्त्रात पोलीसभरतीच्या मुलींचं हॉस्टेल आहे, भूगोल तर पाडून तिथं चार मजली अपार्टमेंट उभं राहिलंय. मी शिकलो कॉमर्स, पण मराठीच्या बाईंचं घर विकत घेतलं म्हणून जन्मभराचा 'मराठी'. "काय मराठी, निघाले का ऑफिसला?" तेही भर रस्त्यात! एकदा माझं पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी पत्ता सांगितला, "गणित सोडा, शास्त्राला वळसा घाला, पुढं मराठी लागंल." तो बिचारा पार्सलसकट परत गेला. माझे नवे बूट होते त्यात.

नव्या लोकांवर त्यांचा भारी दात. "लई गिचमीड केली हो कॉलनीची! जिथं आमी तुळस लावली तिथं ह्यांच्या मोटारी. सगळा जिल्हा उठून हितंच आलाय." मी एकदा चिडून विचारलं, "सर, तुम्ही मूळचे कुठले?" "तामलवाडीचा. पण म्या पत्र्याची पेटी घेऊन आलतो, मोटार न्हाय." आता याच्यापुढं काय डोकं फोडायचं!

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. तोटी फुसफुसली की सर बनियनवरच बाहेर पडायचे आणि एकेका फाटकाची कडी वाजवत ओरडायचे, "गणित, पाणी आलं! शास्त्र, उठा! भूगोल, मोटर लावा!" हा आवाज सकाळी सहाला कानात शिरला की मीही मनातल्या मनात शिव्या द्यायचो. पण ही हाक मुळात त्यांची नव्हे. कॉलनीतला पहिला नळ आला इंग्रजीच्या सरांच्या अंगणात. लहानपणी त्यांच्या घरच्यांना गावच्या आडावर कुणी पोहरा टाकू दिला नव्हता. नळ आला त्या दिवशी तेच इंग्रजीचे सर दारोदार हिंडले, "या, पाणी आलंय, भरून न्या." पुढं घरोघर नळ आले तरी त्यांची फेरी चुकली नाही. ते वारले आणि त्यानंतर ड्रॉइंगच्या सरांनी ती चालवली.

हे मला सरांनीच कधीतरी सांगितलं होतं; नव्या लोकांत दुसऱ्या कुणाला माहीत असणार? अपार्टमेंटचे चेअरमन ईट गावचे, खतबियाणांचे दुकानदार. त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की सकाळचा आरडाओरडा बंद व्हावा, आम्हाला बोअरचं पाणी आहे. भराभर अंगठे वर झाले. सर मोबाइल बघत नाहीत, म्हणून कुणा शहाण्यानं तो मजकूर छापून त्यांच्या फाटकाला चिकटवला. अरे, म्हाताऱ्या माणसाच्या दाराला नोटीस लावता? लाजा वाटत नाहीत? असं मी बायकोला तावातावानं म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "त्यात एक अंगठा तुमचा होता."

सरांनी कागद काढला, घडी करून खिशात ठेवला. हाक बंद झाली. पुढचं पाणी आलं आणि गेलं, अर्ध्या कॉलनीला पत्ता नाही. मे महिन्यात अपार्टमेंटच्या बोअरनंही मान टाकली. मी खालमानेनं सरांकडं गेलो. "सर, मारा की हाक."

"न्हाय. इंग्रजीचे सर हाक मारायचे तवा कुणी कान झाकले न्हाईत. मला कागद लावला."

मग मी चेअरमनकडं गेलो आणि इंग्रजीच्या सरांची सगळी गोष्ट सांगितली. ते नुसतंच "असं व्हय?" म्हणाले.

पुढच्या पाण्याला मी दाढी करत होतो. रानातून गुरं हाकारल्यासारखा आवाज आला, "गणित, पाणी आलं! ओ मराठी, बादल्या लावा!" धावत बाहेर आलो तर चेअरमन, लुंगीवर. समोरच्या फाटकाची कडी वाजवून ते अदबीनं म्हणाले, "सर, पाणी आलंय."

सर बाहेर आले. आता हे फाडून खाणार, असं मला वाटलं.

"इंग्रजीला सांगितलं का?" त्यांनी विचारलं. "तिथनं सुरुवात करायची असती."

इंग्रजीच्या सरांच्या घराला कैक वर्षं कुलूप आहे. चेअरमननी त्या कुलपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग जाऊन गंजकी कडी वाजवली. "इंग्रजी, पाणी आलं हो!"

थेंबभर पाणी सांडलं तर मला फैलावर घेणारे सर फाटकाशी ऐकत उभे होते, आणि मागं त्यांची बादली भरून वाहत होती.