सुसरीचं वचन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. गोष्ट एका खेळातली आहे. तुम्ही म्हणाल, खेळातलं काय एवढं? मीही बरीच वर्षं स्वतःची अशीच समजूत घालत आलो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी चंद्रपूरला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहायचो. खोलीतल्या विलासच्या मामेभावानं नागपूरहून एका इंग्रजी खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणली होती. मधली पानं गायब. डिक्शनरी घेऊन आम्ही चौघं बसलो तेव्हा एवढं कळलं — एकानं सांगायचं, इथे जंगल आहे, इथे नदी, समोर अमुक उभा आहे. बाकीच्यांनी आपापला माणूस घ्यायचा आणि तो काय करतो ते बोलायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार. त्या खेळाचे अनेक बाजूंचे फासे आम्हाला कुठून मिळणार? आम्ही फोडलेले पाच चिंचोके फेकायचो आणि पांढऱ्या बाजू मोजायचो.

सांगणारा मी. तिघं मला मास्तर म्हणायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मास्तर म्हटलं की — खोटं कशाला बोलू — फार बरं वाटायचं.

माझी एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर मी आधी ठरवलेलं लिहायचो — वाटेत काय येईल, कोण भेटेल. उजव्या पानावर खेळताना खरंच जे झालं ते. ऐन वेळी सुचलेली नावं शेवटच्या पानावर, नाहीतर पुढच्या रविवारी गावाचा पाटील वेगळाच निघायचा. आणि खेळात कुणी कुणाला शब्द दिला, तर तो लाल शाईनं. दिलेला शब्द विसरला तर गोष्टीला काय अर्थ, असं मीच त्यांना सांगितलं होतं. वाद झाला की वही उघडायची. वहीत आहे म्हणजे आहे.

आता राजन्नाबद्दल सांगतो. सिरोंच्याचा, गोदावरीवर मासे धरणाऱ्या घरातला. घरी तेलुगू, आमच्याशी आमची झाडीबोली, आणि हसला की दोन्ही. त्याला सगळं पाठ असायचं — एसटीच्या वेळा, आमचे रोल नंबर, कुणाच्या बहिणीचं लग्न कधी. कुणी काही विचारलं की म्हणायचा, "मले आठवते." आणि ते बरोबर असायचं. तो लिहून काहीच ठेवत नसे.

खेळात त्यानं नावाडी घेतला होता, मल्लय्या. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मल्लय्याला नदीत एक म्हातारी सुसर जाळ्यात अडकलेली दिसली. मी विचारलं, काय करतो? राजन्नानं हातातले चिंचोके खाली ठेवले. मग म्हणाला, जाळं कापतो. विलास हसला — अबे, सुसरीसाठी जाळं कापते का कोणी? पण जाळं विणायला किती दिवस लागतात, हे आमच्यात त्यालाच माहीत होतं. मला ते इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे सुसरीकडून वचन देववलं. लाल शाईनं लिहिलंही.

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार. पंधरा दिवस खपून मी शेवट लिहिला होता, डाव्या बाजूची सहा पानं. पूर येतो, पूल तुटतो, तिघांना पोहून पार व्हायचं असतं, आणि शेवटी एकजण मागे राहतो. वाचताना माझेच डोळे भरून यायचे. पूल तुटला. आणि राजन्ना शांतपणे म्हणाला,

"मास्तर, मी सुसरीले बलावतो. 'तू म्हणशील तवा पार नेईन,' म्हणली होती ते."

मी विसरलो होतो. सुसर आली असती तर तिघं घडीभरात पार, आणि माझी सहा पानं — तुमच्या लक्षात आलंच असेल. मी वही मागे उलटत गेलो. ओळ सापडली. तिच्यावर अंगठा ठेवला. आणखी दोन पानं उगाच उलटली.

"नाई गा. वहीत नाई."

विलास म्हणाला, "सपनात आली असन ते सुसर. तेलगूत बोलली का मराठीत?" सगळे हसले. राजन्नाही हसला.

"मंग नसन," तो म्हणाला. "माहाच घोळ झाला."

त्यानं चिंचोके फेकले. चार पांढरे हवे होते, दोन पडले. मल्लय्या बुडाला. मी माझी सहा पानं वाचली. राजन्नानं टाळी दिली आणि म्हणाला, झकास केलास शेवट.

पानं तशी उलटणं मी कुठे पाहिलं, ते मला माहीत आहे. घरकुलाच्या यादीत नाव पाहायला बाबा कुरखेड्याला गेले होते, मी सोबत होतो. खिडकीतल्या माणसानं दोन पानं उलटली आणि नाव नाही म्हणाला. बाबा म्हणाले, नाई त नाई. हे मी कारण म्हणून सांगत नाही. उलट — मला तर ते कसं लागतं हे ठाऊक होतं ना?

त्यानंतर राजन्नानं खिशात मावेल अशी डायरी घेतली. एसटीच्या वेळा तिच्यात लिहू लागला. कुणी काही विचारलं तर म्हणायचा, पक्कं नाई आठवत, मास्तरले विचारा. "मले आठवते" हे मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. वर्षभर आम्ही एका खोलीत होतो. वर्षभर वही माझ्या उशाशी होती. एक पान दाखवायला किती वेळ लागतो?

कॉलेज संपलं त्या दिवशी बसस्टँडवर त्यानं मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी वही दिली. "तुही भरत आली," म्हणाला. "समोरचं लिहाले लागन." मी ती घेतली.

इतकी वर्षं ती कोरी होती. हे सगळं मी तिच्यातच लिहिलंय, फक्त उजव्या पानांवर. जुनी वही समोर उघडी आहे. लाल ओळ आहे तशी आहे — "सुसर: तू म्हणशील तेव्हा पार नेईन."

राजन्नाला बरोबर आठवत होतं.